मुलुंड ते भंडारदरा: कसारा घाटाने की समृद्धीच्या बोगद्यातून? थांबे सुचवा

भातुकली

मंडळी, एक घरगुती तंटा सोडवून द्या.

आई-बाबांच्या लग्नाला यंदा ४५ वर्षं होताहेत. १९८० साली लग्न झाल्यावर दोघं भंडारदऱ्याला गेले होते. हनिमून हा शब्द आमच्या घरात अजून कुणी उच्चारत नाही, 'फिरायला गेलो होतो' असंच म्हणतात. इगतपुरीपर्यंत पॅसेंजर, पुढे एसटीने शेंडी (भंडारदऱ्याच्या तलावाकाठचं गाव), आणि एसटीत आईच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकलीय की कोंबडीचा रंगही पाठ आहे (तांबडी).

तर दसरा उरकला की दिवाळीच्या आधीच्या एका शनिवार-रविवारी दोघांना परत तिथे न्यायचं ठरवलंय. तलावाजवळच्या पर्यटक निवासात दोन खोल्या मिळाल्यात. आई, बाबा, मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक, सगळे एका गाडीत.

तंटा रस्त्याचा आहे. नवरा म्हणतो, समृद्धीचा आमणे-इगतपुरी टप्पा झालाय, बोगद्यातून सुळकन निघू. बाबा म्हणतात, "बोगदाच बघायचा तर पारसिकचा रोज बघत होतो की. मला घाट बघायचाय." बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यामुळे घाट म्हणजे रूळ हे ओघानं आलंच.

आणि आई म्हणते, "मला काय, कुठूनही न्या." याचा अर्थ ठाऊक असलेल्यांना ठाऊक असेल.

कुठून जावं, कुठे थांबावं, काय खावं? गुडघे दुखणाऱ्या माणसाला बघता येईल असं काय आहे? ट्रेक सुचवू नयेत.

सुसाट

समृद्धी. यात विचारायचं काय? हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून तीनदा गेलोय. आठेक किलोमीटरचा बोगदा पाच-सहा मिनिटांत पार. घाटात एखादा कंटेनर बंद पडला की तासभर त्याच्या मागे डिझेलचा धूर खात बसायचं, हे ज्येष्ठ नागरिकांना कशाला?

घाटमाथा

सुसाट, तुमच्या नावातच उत्तर आहे. धागाकर्तीनं लवकर कसं पोचायचं ते विचारलेलं नाही, कसं जायचं ते विचारलंय. ज्यांना ४५ वर्षांपूर्वीचा रस्ता परत बघायचाय त्यांना बोगद्यात घालणं म्हणजे पुरणपोळीचं आमंत्रण देऊन जेवणाची गोळी हातावर ठेवणं. (हलके घ्या.)

ऑक्टोबरात कसारा घाट हिरवा असतो आणि पावसाळ्यातलं ते आंधळं धुकंही नसतं. मात्र पहाटे निघा. मुलुंडहून पाचला निघालात तर आठच्या आत घाट चढून इगतपुरीत.

डोंबिवलीकर

मुंबईकरांचा निसर्गरम्य प्रवास माजिवड्याला सुरू होतो आणि माणकोलीला संपतो. मधल्या वेळात ट्रकमागची शायरी वाचावी. पुढचं सगळं बोनस.

भातुकली

@डोंबिवलीकर, :) पण खरंच, सध्या ठाणे ते वडपे कसं आहे? रुंदीकरण चाललंय ना?

डोंबिवलीकर

सहाच्या आत खारेगाव ओलांडलंत तर काही नाही. सातनंतर निघालात तर डब्यातले पोहे खारेगावच्या पुलावरच संपतील. आणि हलक्या गाड्यांना मुलुंडचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, त्या पैशात इगतपुरीला वडापाव.

निवृत्त_नाना

वडापावचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तुमच्या बाबांना रस्त्यापेक्षा इगतपुरी स्टेशनवर न्या. हे मी गंमत म्हणून म्हणत नाही.

कसारा ते इगतपुरी हा चढ ३७ फुटांना एक फूट आहे. मार्ग १८६५ पासून चालू आहे, आणि एवढ्या वर्षांत इंजिनं वाफेची गेली, विजेची आली, पण चढ काही कमी झाला नाही. म्हणून आजही कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना. ती गाडीला मागून ढकलत वर आणतात आणि इगतपुरीला सुटतात. प्लॅटफॉर्मच्या मुंबईकडच्या टोकाला उभं राहिलं की कपलिंग सुटताना दिसतं. आधी हवेचा एक लांब सुस्कारा, मग खट्. मग ती इंजिनं जराशी मागे सरकतात आणि उभी राहतात, पाहुण्यांना रिक्षात बसवून दारात थांबलेल्या यजमानासारखी.

मी नोकरीत असताना हे शेकडो वेळा पाहिलं. तरी अजून इगतपुरीला गाडी थांबली की दारात जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, घरचं माणूस सोडायला आल्यासारखं काय बघता.

खडूस

नाना, सगळ्याच गाड्यांना बँकर लागत नाहीत. राजधानीला पुढे-मागे इंजिन असतं. आणि २०२३ पासून शिर्डीला जाणारी वंदे भारत तर बँकरशिवायच घाट चढते.

निवृत्त_नाना

बरोबर आहे. म्हणूनच ती बघण्यात मजा नाही.

पाणकोंबडी

वर पंधरावीस प्रतिसाद होतील आणि एकही जण खरा प्रश्न विचारणार नाही, म्हणून मीच विचारते. भातुकली, तुझी आई प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पिणं बंद करते का?

भातुकली

पाणकोंबडी, तुला कसं कळलं? आदल्या रात्री जेवणानंतरच बंद करते. चहासुद्धा अर्धा कप. विचारलं तर "तहानच नाही" म्हणते.

पाणकोंबडी

कारण माझी आई, सासू, दोन्ही मावश्या आणि आता चाळिशीनंतर मीसुद्धा तेच करते. 'मला काय, कुठूनही न्या' याचं मराठी भाषांतर आहे 'वाटेत मोरी असेल का?'

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना याच रस्त्याने नाशिकला नेलं. ऑक्टोबरचं ऊन, गाडीत एसी, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. घाट संपल्यावर एका ढाब्यावर उतरताना त्यांना घेरी आली, दाराचा आधार घेतला म्हणून वाचल्या. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. विचारलं तर म्हणाल्या, "मागच्या खेपेला थांबलो होतो तिथलं दार लागत नव्हतं. तू बाहेर धरून उभी होतीस. परत तुला कशाला त्रास." मी दोन दिवस स्वतःला शिव्या घालत होते.

तेव्हा माझा सल्ला: आधी स्वच्छतागृहं ठरवा, मग त्यांच्या आजूबाजूला निसर्ग शोधा. निसर्ग सगळीकडे आहे. कडी लागणारं दार नाही.

कांदेपोहे

+१०० पाणकोंबडी.

मी महिन्यातून दोनदा या रस्त्यावर असते (माहेर नाशिक). माझी पद्धत सांगते. मोठा, नवा दिसणारा, बरेच नळ्यांचे खांब असलेला पेट्रोल पंप बघायचा. आधी पेट्रोल भरायचं नाही. मी एकटी उतरून बघून येते: दार, कडी, पाणी, आणि आईसाठी खुर्चीसारखं कमोड. सगळं असेल तर खूण करते, मग बाकीचे उतरतात आणि मग पेट्रोल. नसेल तर पुढे. नवऱ्याला पहिल्यांदा हे विचित्र वाटलं होतं. आता तोच लांबून पंप पाहून 'हा पास होईल' सांगतो.

पहिला थांबा शहापूरच्या आसपास, दुसरा घाट चढून इगतपुरीत. मध्ये घाटात काही नाही हे धरूनच चाला. घोटीला टाकी भरून घ्या, आत भरवसा नको. आणि आईंना निघतानाच सांगा की अमुक वाजता अमुक ठिकाणी थांबणार. ठाऊक असलं की पाणी पितात. माझा अनुभव.

टपरीवाला

अवांतर: इगतपुरी स्टेशनचा वडापाव की कसारा स्टेशनचा? मत नोंदवा.

खडूस

दोन्हीकडचे वडे उगाच डोक्यावर घेतलेत. भूक लागलेली असते म्हणून लागतात चांगले.

टपरीवाला

खडूस, तुमच्यासाठी एक इनो.

घाटमाथा

वड्यांचं नंतर. भातुकली, थांबे सांगतो, कमी चालण्याचे.

शहापूर-आसनगावच्या पट्ट्यात माहुलीचे सुळके दिसायला लागतात. उतरायची गरज नाही, काच खाली करा. लेकीला सांगा की शहाजीराजांनी निजामशाही वाचवायचा शेवटचा प्रयत्न १६३६ साली याच किल्ल्यावरून केला होता. आठ वर्षांच्या मुलीला निजामशाहीत रस नसेल तर सुळके मोजायला सांगा.

घाटात मोकळी दरी दिसते तिला उंट दरी म्हणतात. तिथे वळणावर गाडी लावून सेल्फी काढणाऱ्यांची कमी नाही, तुम्ही त्यात भर घालू नका. कडेला नीट जागा असेल आणि मागे ट्रक नसेल तरच थांबा. माकडं असतात, खायला देऊ नका. वर घाटनदेवीचं देऊळ आहे, तिथे गाडी लावून निवांत बसता येतं. घाटरस्त्याची देवी आहे ती, गाडीवाले हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत.

घोटीला उजवीकडे वळलात की महामार्ग सुटला. रस्ता लहान होतो आणि भाताची खाचरं सुरू होतात. ऑक्टोबरात भात पिवळा व्हायला लागलेला असतो. बारी गावाशी डाव्या हाताला कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. काचेतून बघितलं तरी शिखर ते शिखरच.

शेवंता_०७

ऑक्टोबरात सोनकी असेल ना? का कारवी?

घाटमाथा

सोनकीचा भर सप्टेंबरात, तरी शेपूट सापडेल, पठारं पिवळी दिसतात. कारवीचं गणित वेगळं, ती आठ वर्षांनी फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ ला फुलली होती आणि मग २०२४ ला. पण प्रत्येक डोंगराचं साल तेच असेल असं नाही.

सुसाट

सगळं ठीक, पण अंधारात धुक्यातून घाट चढायला कोण सांगतंय? पहाटे धुकं असू शकतं. बोगद्यात धुकं नसतं, एवढंच सांगून गप्प बसतो.

डोंबिवलीकर

धुकं असलं तर एकच विनंती. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला कळत नाही की तुम्ही वळताय, थांबलाय, की नुसते घाबरलाय. लो बीम, फॉग लॅम्प आणि हळू. हे सांगून सांगून जीभ झिजली.

अकोलेकर

नमस्कार. मी अकोले तालुक्यातला, शेंडी माझ्या आजोळापासून जवळ. मुंबईकर आमच्याकडं येतात तर बरंच वाटतं, पण दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका.

पयली, धबधबे. फोटोत बघून येतात आन् ऑक्टोबरात 'अंब्रेला फॉल कुठंय' म्हणून भांडतात. तो नैसर्गिक धबधबा नाही. धरणातून पाणी सोडलं तर तो छत्रीसारखा पडतो, नाही सोडलं तर नुसता खडक. रंधा प्रवरेचा आहे, पण त्याचंही पाणी आता पावसाळ्यानंतर भरवशाचं नाही. गेल्यावर गावात विचारा, मग वाट वाकडी करा.

दुसरी, धरण. विल्सन डॅम १९१० ला सुरू झाला, १९२६ ला पुरा. २०२६ ला शंभरी. माझा पणजा त्याच्या कामाला होता, डोक्यावर चुना वाहायचा असं आजी सांगायची. पावणे दोनशे मैलांवरून लोक तिथं सेल्फी काढतात तेव्हा मला त्या घमेल्याची आठवण येते.

गुडघ्याच्या माणसासाठी सांगतो. तलावाला गाडीनं फेरी मारता येते: शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर आन् परत शेंडी. रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर अगदी रस्त्याजवळ, दगडी कोरीवकाम बघत बसा, वर रतनगड. घाटघरला कोकणकडा, गाडीतून उतरून थोडं चाललं की खाली सगळं कोकण. रस्ता मध्ये मध्ये खराब आहे, अर्धा दिवस धरा. मोबाइलला रेंज नसते, रोख पैसे ठेवा. जेवण सकाळीच सांगून ठेवा, घरगुती चुलीवरचं मिळतं. हुलग्याची शेंगोळी मागा.

खडूस

पावणे दोनशे मैल? मुलुंडहून फार तर १६० किलोमीटर असेल.

अकोलेकर

किलोमीटर म्हणायचं होतं. चुकलं. मुंबईकर येतात तेव्हा मैलच वाटतात.

कांदेपोहे

:) येताना घोटीला तांदूळ घ्यायला विसरू नका. गिरण्यांचं गाव आहे.

नवखा_२५

माळशेज घाटानेही जाता येईल ना? एकाच फेरीत दोन घाट. की सरळ महाबळेश्वरच करता?

पाणकोंबडी

नवखा, त्या बाईंची कोंबडी शेंडीच्या एसटीत होती. महाबळेश्वरच्या नव्हे.

भातुकली

सगळ्यांचे खूप आभार. पाणकोंबडी आणि कांदेपोहे, तुमचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. जरा वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्या बाई शहाण्या आहेत."

ठरलं ते असं. जाताना कसारा, थांब्यांची वेळापत्रकासकट घोषणा करून. येताना रविवारी संध्याकाळी सगळे दमलेले असणार, तेव्हा समृद्धी. नवराही खूश. नाना, इगतपुरी स्टेशन बाबांना अजून सांगितलेलं नाही.

सुसाट

मांडवली मान्य.

निवृत्त_नाना

प्लॅटफॉर्म तिकीट काढायला विसरू नका. रेल्वेच्या माणसाला विनातिकीट पकडलं तर शोभणार नाही.

भातुकली

(तीन आठवड्यांनी) जाऊन आलो. वृत्तांत लिहायला वेळ नाही, फराळाचं चाललंय, पण चार ओळी लिहिते.

शहापूरच्या अलीकडे दोन पंप नापास केले, तिसरा पास. आई आत जाऊन आली आणि गाडीत बसल्या बसल्या तिनं बाटली मागितली. तोंड लावून अर्धी संपवली. मी आरशातून बघत होते, बोलले काहीच नाही.

घाटात धुकं नव्हतं. घाटनदेवीला अर्धा तास. मग इगतपुरी स्टेशन. बाबांना वाटलं वडापावला आलोय. एक लांबलचक एक्सप्रेस आली आणि ते आपोआप चालत प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले, वडापाव हातात तसाच. इंजिनं सुटली तेव्हा त्यांनी लेकीला काहीतरी समजावून सांगितलं. ती धावत येऊन मला म्हणाली, "आबा म्हणाले आता ती परत खाली जाणार, दुसऱ्या गाडीला आणायला." टपरीवाला, वडा बरा होता, गार झाला होता.

अंब्रेला फॉल म्हणजे नुसता खडक, अकोलेकरांनी आधीच सांगितल्यामुळे कुणी रुसलं नाही. रंध्याला थोडं पाणी होतं. शेंगोळी दोनदा मागून घेतली. अमृतेश्वराच्या पायरीवर आई-बाबा इतका वेळ बसले की आम्ही तिघं गाडीत जाऊन झोपलो. शेंडीत आईनं एसटी कुठे थांबायची ती जागा दाखवली. बाबा म्हणाले, "इथे नाही, पलीकडे." त्यावरून दोघांचं रात्री जेवेपर्यंत चाललं होतं.

परत येताना बोगदा. लेकीला तोच सगळ्यात आवडला.

सुसाट

मुलीवर संस्कार चांगले आहेत.

अकोलेकर

एसटी पलीकडंच थांबायची. बाबांचं बरोबर.

भातुकली

अकोलेकर, हे आईला सांगणार नाही.

डोंबिवलीकर

आणि निघालात किती वाजता? पाचला?

भातुकली

सात दहा. बाबा दाढी करत होते. पोहे खारेगावच्या पुलावर संपले.